पुरवून वापरा

मंगळवारी दुपारी आईचा आवाज रस्त्यावरून आला. आई घरात होती. ती तांदूळ निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसले होते. वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. आवाज पुन्हा आला. आईने ताट खाली ठेवलं.

"थांब थांब थांब! तांब्या खाली ठेव!" असं आई रस्त्यावर म्हणत होती आणि नाचणारी माणसं थांबत होती. मग आई म्हणत होती, "म्या सांगितलं व्हय तुला वोत म्हणून? वोत? वोत? वोत?" आणि त्यावर ढोल सुरू होत होता. मधूनच एक पुरुष आपलं नाव सांगत होता. डीजे पिंट्या, मिक्सिंग. आई बोलायची, तो नाव सांगायचा. आई बोलायची, तो नाव सांगायचा.

आईने उठून खिडकी लावली. वरात पुढे गेल्यावर ती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"सगळं काढून टाक."

मी काढून टाकलं.

सिडकोतलं ते घर आम्ही नंतर विकलं. गेल्या महिन्यात बँकेच्या कामाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा पाय आपसूक त्या गल्लीत वळले. तळमजल्यावर आता कसलासा क्लास आहे, गच्चीवर काळ्या टाक्या आहेत, आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर, जिथे बाभळीखाली शेळ्या बसायच्या, तिथे सात मजले उभे आहेत. पण ओट्याच्या फरशीवर तीन गोल डाग अजून दिसतात. तिथे आमचे निळे ड्रम असायचे. मी रस्त्यावर उभी राहिले आणि नाकात एकदम तो वास आला: उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा, तुरटीचा, आणि ड्रमच्या तोंडावर बांधलेल्या ओल्या धोतराच्या फडक्याचा. वास खरा नव्हता, हे मला माहीत आहे. तरी मी तिथे बराच वेळ थांबले.

त्या वर्षांत नळाला पाणी आठवड्याने यायचं. जायकवाडीत मृतसाठा उरला आहे हे वाक्य लहान मुलंही म्हणायची. पाणी येण्याआधी नळ खोकायचा. त्या खोकल्याची आम्ही वाट बघायचो. आधी हवा, मग गढूळ थुंकी, मग एक बारीक धार, आणि गल्लीच्या त्या टोकाहून कुणीतरी ओरडायचं, "आलं!" आणि शेजारून शकीला आपा ओरडायच्या, "आया, आया, बाई, आया!" मग हंडे, कळशा, पातेली, कुकरची भांडीसुद्धा. दोन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. पाणी गेलं की गल्लीभर ओल्या मातीचा वास पसरायचा आणि बायका ओट्यावर बसून पाय चोळायच्या.

आणि त्याच वर्षांत शहर वाढत होतं. जिकडे तिकडे बोअरच्या गाड्या उभ्या असायच्या. त्यांची घरघर सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत, आणि दगडाची पांढरी भुकटी आमच्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पुस्तकांच्या पाठींवर बसायची. खाली पाणी लागायचं नाही, भुकटीच निघायची. पण वर फ्लॅट उभे राहायचे आणि विकले जायचे. आईचं माहेर बिडकीनजवळ. तिच्या भावांची जमीनही त्याच काळात गेली. आता तिथे रुंद रस्ते आहेत, दिव्यांचे खांब आहेत आणि कुंपणं आहेत. आई तिकडे जायची नाही. म्हणायची, "तिथं आता ओळखीचं कोण आहे?"

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आयुष्यभर तिने मुलांची भाषा सुधारली. ‘लई’ला ‘फार’, ‘नाय’ला ‘नाही’, ‘म्या’ला ‘मी’. ती स्वतः ज्या भाषेत जन्मली ती तिने कधीतरी, लग्नाच्या आधीच, घडी करून ठेवून दिली होती. नवीन ओळखीच्या माणसाशी बोलून झालं की मला हळूच विचारायची, "माझ्या बोलण्यावरून गाव कळतं का गं?" मी म्हणायचे, "नाही कळत." तिला फार बरं वाटायचं.

व्हिडिओची कल्पना शकीला आपांची. त्यांचा थोरला सौदीला होता. त्याने आपल्या आईसाठी भारीतला फोन पाठवला होता आणि आपांना त्याचं काय करावं कळत नव्हतं. एक दिवस आईने त्यांना तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी कशी धुवायची आणि ते पाणी मग कुठे वापरायचं हे दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुम पूरे मोहल्ले कू सिखाते. जरा ये फोन कू भी सिखाव ना."

चॅनलचं नाव आईनेच ठरवलं. ‘पुरवून वापरा.’ मी म्हटलं, जरा आकर्षक काहीतरी ठेवू. ती म्हणाली, "दुष्काळात आकर्षक काय असतं?"

आमची मोरी मागच्या बाजूला होती. सकाळी दहाला जाळीतून तिथे ऊन यायचं, वीसेक मिनिटं टिकायचं, मग भिंतीवर चढून निघून जायचं. तेवढ्यात व्हिडिओ करायचा. आई शाळेतली साडी नेसायची, खांद्यावर दोन पिना. बादलीवर तिने माझ्या नेलपॉलिशने लाल रेषा आखल्या होत्या, एक तांब्या, दोन तांबे, तीन तांबे. मी फोन धरायचे. आपा मदतीला. आणि आई फोनकडे बघून, वर्गाकडे बघावं तशी, म्हणायची, "नमस्कार बाळांनो." बघणारी बाळं पन्नाशीची असायची. खुलताबादची एक बाई लिहायची, दौलताबादचा एक पेरूवाला लिहायचा, पुण्यात कामाला गेलेल्या आमच्याकडच्या मुली लिहायच्या. कुणी आपल्या घरची युक्ती सांगायचं: ताट आधी राखेने घासायचं, मग पाणी. आई पुढच्या व्हिडिओत त्यांचं नाव घेऊन ती युक्ती करून दाखवायची. कुणी स्वतःच्या मोरीचा व्हिडिओ करून पाठवायचं. बादल्यांवर लाल रेषा गावोगाव गेल्या होत्या.

प्रत्येक प्रतिक्रियेला आई उत्तर द्यायची. वही तपासावी तसं. एकाने लिहिलं होतं, "बाई लई भारी." त्याच्या नावाजवळ हेडफोन घातलेलं चित्र होतं, नाव पिंट्या मिक्सिंग. आईने उत्तर दिलं, "‘लई’ नव्हे, ‘फार’. शुभेच्छा." त्याखाली बाकीच्यांनी हसणारी तोंडं टाकली. कितीतरी. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिहिलं, "बाई फार भारी." त्यालाही लोक हसले.

काटछाट माझ्याकडे होती. आई कच्चा व्हिडिओ चष्मा लावून बघायची आणि कागदावर टिपून द्यायची: दोन मिनिटं सात सेकंद, ‘आणि’ दोनदा. चार मिनिटं, पदर. मी तेवढं कापायचे. चढवला की फोनमधून पुसून टाकायचे, कारण आपांच्या फोनमध्ये जागा नसायची. एक भांडं रिकामं केल्याशिवाय दुसरं भरता येत नाही, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आंघोळीच्या व्हिडिओच्या दिवशी ऊन लवकर सरकत होतं. आई समजावत होती की आधी ओल्या पंच्याने अंग पुसायचं, मग साबण, आणि तांब्या शेवटी. आपांनी दंडापर्यंत बाही वर करून हात पुढे धरला होता आणि दुसऱ्या हातात तांब्या. आई वाक्याच्या मध्यावर होती आणि आपांनी तांब्या वाकवला.

"थांब थांब थांब! तांब्या खाली ठेव! म्या सांगितलं व्हय तुला वोत म्हणून?"

आपा दचकल्या. मग म्हणाल्या, "ओ बाई, तुम किसकू डांट रहे? मैं तुम्हारी चौथी की बच्ची हूं क्या?" आणि आम्ही तिघी हसायला लागलो. आई हसत हसत खाली बसली, मोरीच्या कडेवर, साडी ओली झाली. मी तिच्या तोंडून ‘म्या’ आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिचा आवाजच निराळा झाला होता, भरदार, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा. मला वाटलं, ही बाई मला इतकी वर्षं भेटलीच नव्हती.

कागदावर आईने लिहिलं, तीन मिनिटं चाळीस, काप.

मी म्हटलं, "राहू दे ना. किती छान आहे."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? हसतील."

"शाळेतले बघतात गं."

"बघू दे. राहू दे, आई. माझ्यासाठी."

तिने पेन्सिलने लिहिलेलं ‘काप’ खोडलं.

पुढे काय झालं ते त्या शहरातल्या त्या वर्षीच्या प्रत्येकाला माहीत आहे. लग्नात वाजलं, हळदीत वाजलं, गणपतीत वाजलं. बायका हातात तांब्या घेऊन ओठ हलवत नाचायच्या आणि त्यांचे व्हिडिओ लोक बघायचे. कुणी नवऱ्याला ओरडताना ते लावलं, कुणी दारुड्याच्या चित्राला, कुणी मांजराला. भाजीवाला आमच्या दारात मेथी मोजून देताना म्हणाला, "थांब थांब थांब," आणि तो कुणाचा आवाज आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. मी त्याच्याकडून पुन्हा भाजी घेतली नाही.

शाळेत तिसरीच्या वर्गात आई एका मुलाला म्हणाली, "थांब." आणि अख्ख्या वर्गाने उरलेलं म्हटलं. तालावर. ती खडू खाली ठेवून बाहेर आली. थोड्याच महिन्यांत तिने नोकरी सोडली.

घरात ती लागेल तेवढंच बोलायची. पुढे तेही नाही. मीठ हवं असलं की बोट दाखवायची. आपा रोज येऊन बसायच्या, स्वतःच बोलत राहायच्या, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "इनकू बुलवाव ना बेटा, कुछ तो बुलवाव." मी काय बोलतं करणार? दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या मुलीच्या फोनवर ते वाजलं. आईने डोळे उघडले नाहीत. माझ्या हातातली तिची बोटं मात्र आवळली. मी त्या मुलीकडे असं बघितलं की ती फोन घेऊन बाहेर निघून गेली.

तेरावा झाल्यावर मला आईचा आवाज ऐकावासा वाटला. फोनमध्ये काही नव्हतं. चॅनल मीच पुसलं होतं. मी तिचं नाव शोधलं, चॅनलचं नाव शोधलं, ‘नमस्कार बाळांनो’ शोधलं. दर वेळी तेच यायचं. थांब थांब थांब. आणि मधे त्या माणसाचं नाव. आईच्या आवाजाचे तीन-चार सेकंद जगात उरले होते आणि त्यांवर त्याने शिक्का मारला होता.

मी सूड घ्यायला लागले. दुसरा शब्द माझ्याकडे नाही, आणि शोधायचीही इच्छा नाही.

सूड म्हणजे काय, तर अर्ज. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मला अर्ज भरता येतात. रोज आंघोळ झाली की देवाला दिवा लावायचा आणि मग आईच्या आवाजाची जितकी गाणी सापडतील त्यांची तक्रार करायची. आपल्याला हे का काढून हवं आहे? या आवाजावर आपला हक्क कोणता? मी लिहायचे: मी मुलगी आहे. मग विचारलं जायचं, मूळ व्हिडिओची लिंक द्या. तो चौकोन रिकामा ठेवता यायचा नाही. मूळ व्हिडिओ नव्हता. तरी मी चिकाटी सोडली नाही. काही गाणी निघाली. त्यांच्या जागी दुसरी आली. दिव्याची वात विझेपर्यंत मी भरत राहायचे, आणि भरताना त्या माणसाच्या गळ्याला काहीतरी व्हावं असं मनात म्हणायचे. देवासमोर म्हणायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. पाऊस बरा झाला, नळाला पाणी तरीही आठवड्यानेच येत राहिलं, शहराच्या पाट्या बदलल्या, आणि मी सकाळी अर्ज भरत राहिले.

मग तो आमच्याकडेच आला.

महाविद्यालयात कार्यशाळा होती, सोशल मीडिया आणि रोजगार अशा काहीतरी नावाची. प्रमुख पाहुणे म्हणून त्याचं नाव छापलं होतं. खरं नाव, पूर्ण, आणि कंसात ते दुसरं. आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं, कारण माझं मराठी चांगलं आहे असं सगळे म्हणतात. मी पत्रिका वाचली आणि प्राचार्यांना म्हटलं, "आभार मीच मानते."

मला वाटलं होतं तो दांडगा असेल, गळ्यात साखळी असलेला. तो बारीक होता, कानशिलं पिकलेली, शर्ट इस्त्रीचा. प्राचार्यांच्या खोलीत चहा चालला होता. तो माझ्याजवळ आला. माझं आडनाव ग्रंथालयाच्या दारावरच्या पाटीवर वाचलं असावं.

"मॅडम, तुम्ही त्या ‘पुरवून वापरा’वाल्या बाईंच्या कोण?"

"कार्यक्रमाला उशीर होतोय," मी म्हटलं.

"दोनच मिनिटं मॅडम. मला तुम्हाला एक..."

"नंतर बोलू."

तो भाषणात बरं बोलला. मुलं हसली. शेवटी कुणीतरी मागून ओरडलं, "सर, थांब थांब!" आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. त्याने हात हलवला. नको नको अशी खूण केली. पण ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याने लावलंच. आई पुन्हा बोलली. चारशे मुलं नाचता नाचता पुन्हा थांबली.

मग मी माईकजवळ गेले. कागद आणला होता. तो मी वाचला नाही.

मी म्हटलं, आज आपण ज्यांच्या आवाजावर नाचलात त्या माझ्या आई. त्या शिक्षिका होत्या. या आवाजानंतर त्या बोलायच्या बंद झाल्या. दोन वर्षं त्या माझ्याशी बोटांनी बोलल्या आणि मग गेल्या. आपले प्रमुख पाहुणे त्यांच्या आवाजात मधे मधे स्वतःचं नाव सांगतात. आज मी त्यांचं नाव सांगते. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं, पत्रिकेवरचं. मग त्याच्याकडे वळले. "माझ्या आईचं जे काही तुमच्याकडे असेल ते सगळं पुसून टाका. एक अक्षर ठेवू नका. तेवढं केलंत तर मी आपली आभारी राहीन."

तो उभा राहिला होता. "मॅडम, ऐका तर," तो म्हणाला. "मॅडम, ऐका तर. ऐका तर, मॅडम."

मी ऐकलं नाही. माईक बंद केला. सभागृहात टाळ्या. मुलांचे सगळे फोन वर होते.

दोन दिवसांत ते सगळीकडे गेलं. माझं बोलणं गेलं, पण त्याहून जास्त गेलं ते त्याचं. "ऐका तर, मॅडम." कुणीतरी, जालन्याकडचा दुसराच एक मिक्सिंगवाला, त्याने त्याचं गाणं केलं. ऐका तर, ऐका तर, ऐका तर. मधे स्वतःचं नाव. मी ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. ताल चांगला होता. मी खोटं लिहिणार नाही: त्या आठवड्यात मी शांत झोपले. त्याच्या मुलीला शाळेत चिडवतात असं कुणीतरी ग्रंथालयात सांगितलं, तेव्हा मी पुस्तकावर शिक्का मारत होते आणि मारत राहिले.

महिन्याभराने तो ग्रंथालयात आला. दुपारची वेळ, वाचनकक्षात कुणी नव्हतं. हातात एक काळी हार्ड डिस्क होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

"सगळं पुसलं, मॅडम. माझ्या चॅनलवरचं, दुकानातलं, ग्रुपमधल्या पोरांकडचं. म्या सोता बसून पुसून घेतलं. तुम्ही बघून घ्या."

"ठीक," मी म्हटलं.

"आणि ते मूळचे पण. साठच्या साठ."

मी मान वर केली.

"कसले मूळचे?"

"बाईंचे व्हिडिओ. पूर्ण. आमच्या घरी पाणी यायचं नाय तवा, आमची माय आन् म्या, आम्ही रोज बघायचो. नेट पुरायचं नाय म्हणून उतरवून ठेवले होते. चॅनल बंद झालं तरी माझ्याकडं होते. त्या दिवशी तेच द्यायला आणले होते, मॅडम. ह्याच डिस्कमधी. तुम्ही ऐकूनच घेतलं नाय."

"परत येतील?"

"नाय. नुसतं पुसलं असतं तर काढता आलं असतं. म्या वरून दुसरं भरलं. दोनदा भरलं. तुम्ही म्हणल्या होत्या ना, एक अक्षर ठेवू नका म्हणून."

वर पंखा फिरत होता. एका टेबलावरचं वर्तमानपत्र फडफडत होतं. मी उठले, त्यावर एक जाड शब्दकोश ठेवला आणि परत येऊन बसले. तो जायला निघाला होता.

"किती वेळा बघितले होते?" मी विचारलं.

"लई येळा. माय तर रोज लावायची. पाठच होते सगळे."

"आता पाठ आहेत?"

"हां... म्हणजे, व्हय. असतील."

"रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी या."

तो आला. मी खुर्चीवर बसले, वही उघडली, आणि त्याला म्हटलं, पहिल्यापासून सांगा. तो इकडे तिकडे बघत होता. कोपऱ्यात दुसरी खुर्ची होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मग तो हात मागे बांधून उभा राहिला आणि बोलायला लागला. "नमस्कार बाळांनो."

आवाज त्याचाच होता, घोगरा. पण आई जिथे श्वास घ्यायची तिथे तो श्वास घेत होता. माझे सगळे अर्ज, माझे सगळे शाप ज्या गळ्यासाठी होते त्यातून माझी आई तुरटी किती वेळ फिरवायची ते सांगत होती.

त्या दिवसापासून तो दर रविवारी येतो. एका बैठकीत एक व्हिडिओ होतो, कधी अर्धा. तो मला मी विसरलेल्या गोष्टी सांगतो. की झाकणाच्या व्हिडिओत मागे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. की तुळशीच्या व्हिडिओत आई शिंकते आणि ‘माफ करा’ म्हणते. की एकात शेवटी, फोन बंद होण्याआधी, फोन धरणारी मुलगी हसत म्हणते, "झालं, आई." ती मी. मला माझा तो आवाज आठवत नाही. त्याला आठवतो. तो अडखळला की मी मदत करत नाही. घाम आला तर रुमाल काढू देते, पाणी विचारत नाही. पाहुण्याला पाणी न विचारणं म्हणजे काय हे आमच्या शहरात दोघांनाही ठाऊक आहे. तो का येतो ते मी त्याला विचारलेलं नाही. एकदा तो दारातून म्हणाला, "मॅडम, आमच्या मायला बाई लई आवडायच्या. म्या त्यांना फेमस करायला गेलतो." मी दार लावून घेतलं.

गेल्या रविवारी आंघोळीचा व्हिडिओ आला. तो तीन मिनिटं चाळीसपर्यंत पोचला आणि थांबला. ते वाक्य त्याने म्हटलं नाही. मग हळू, कारागिराने कारागिराला सांगावं तसं म्हणाला, "एक बोलू का मॅडम? हे एवढं तुम्ही कापायला पाहिजे व्हतं."

मी म्हटलं, "पुढचं सांगा."

त्याने पुढचं सांगितलं. मी लिहून घेतलं.

एकोणीस व्हिडिओ उतरवून झाले आहेत, एकेचाळीस राहिले आहेत. आईचा आवाज कुठेही नाही. तिची वाक्यं आहेत, माझ्या अक्षरात, आणि ती मला त्याच्याकडूनच घ्यावी लागतात. त्याला मी अजून बसायला सांगितलेलं नाही.